जिवंत कोय

एका राज्यात सात वर्षं एकही बी रुजली नव्हती. राजा चंडसेनाने मंडप उभारायला एका चेटकिणीची आमराई तोडली. चेटकीण म्हणाली, "तुझ्या राज्यात प्रत्येक बीचा दगड होईल." झालाच. ज्वारीचे दाणे खडे झाले, पेरणी थांबली. जुन्या फळझाडांवर प्रजा कशीबशी जगे. पण आतल्या दगडाने दात पडत. म्हणून राजाच्या मुदपाकखान्यात साऱ्या नगरासाठी फळांच्या बिया काढून नुसता गर वाटत.

हे काम गिरजाक्काचं. सुरी दगडावर बोथट होई, म्हणून ती बोटांनीच बिया काढी. बोटं जांभळी पडली, पाठ वाकली. एक पाटी रिती झाली की दुसरी समोर येई. आणि झाडं तर एकेक करून वठू लागली होती.

एके दिवशी खिडकीत तांबट पक्षी येऊन बसला. म्हणाला, "बाई, तीन फळं इतरांहून वेगळी आहेत. बोर, जांभूळ आणि आंबा. त्यांतल्या एकाचीच बी जिवंत आहे. पण त्यांच्याकडची वाट लोखंड बाळगणाऱ्याला दिसत नाही. सरदार तलवारी घेऊन गेले, रित्या हाताने परतले."

"मला उभं राहवत नाही, आणि तू चालायला सांगतोस," गिरजाक्का म्हणाली. तिने पदराला हात पुसले आणि ती निघाली.

बोरीच्या जाळीत नाग बसला होता. "शस्त्र?" त्याने विचारलं.

"नाही."

नाग बाजूला झाला. तिने बोर फोडलं, तर आत माणिक! नाग म्हणाला, "यात सात राज्यं विकत येतील. नेणाऱ्याची झोप मात्र जाईल."

"ती आधीच थोडी आहे," असं म्हणून तिने माणिक तिथंच ठेवलं.

जांभूळ कोरड्या विहिरीच्या तळाशी होतं. भिंत धरत ती पायऱ्या उतरली. जांभळातून नीलम निघाला. त्यात तिला आपली तरुण छबी दिसली. ताठ पाठ, गोरेपान तळवे. ती पुष्कळ वेळ पाहत राहिली. नीलम म्हणाला, "मला जवळ ठेव. रोज अशीच दिसशील."

"तू रुजत नाहीस रे," ती हळूच म्हणाली, आणि पुन्हा पायऱ्या चढू लागली.

आंबा चेटकिणीच्या अंगणात होता. म्हातारी दारातच बसली होती.

"थकलीस?"

"थकले, माई."

"इथंच राहा. अंथरूण घालते. कोणी उठवणार नाही."

गिरजाक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. सात वर्षांत असं कोणी विचारलं नव्हतं. ती अंगणात टेकली. आंबा मात्र तिने हातात घेतला. हलकेच पिळत, गर सोडवत, एकही धागा न तोडता तिने कोय बाहेर काढली. कोय उबदार होती. तिच्या टोकाला हिरवा कोंब होता.

"कुठं लावशील?" चेटकिणीने विचारलं.

"तुमची झाडं होती तिथं."

"तिथं राजाचा मंडप आहे."

"तो पाडावा लागेल."

चेटकिणीने कोय तिच्या पदरात बांधून दिली. मग म्हणाली, "जा. त्याने स्वतःच्या हाताने खड्डा खणला तर शाप सुटेल."

गिरजाक्काने दरबारात जाऊन सारं सांगितलं. प्रधान रागावला. राजाने तिची बोटं पाहिली आणि मान खाली घातली. मंडप पाडला. राजा मातीत गुडघे टेकून हातांनी खणू लागला. नखं फुटली तरी थांबला नाही. कोयीवर माती पडली, आणि त्याच क्षणी राज्यातल्या साऱ्या कोठारांत खड्यांचे दाणे झाले. पेरणीची दवंडी पिटली. चेटकीणही काठी टेकत आली आणि आळ्यात पाणी घालून गेली.

गिरजाक्का तिथंच ढिगाऱ्याला टेकली आणि भर दुपारी झोपी गेली. प्रधान तिला हलवायला पुढे झाला. राजा म्हणाला, "झोपू द्या," आणि तिच्या तोंडावर आपली सावली पडेल असा, सूर्य कलेपर्यंत उभा राहिला.

तिचा शीण उतरला, तसा ऐकणाऱ्यांचाही उतरो.