मोडक्या पंखाचं सोंग

फार पूर्वी, माळावर माणसाचं पाऊलही पडलं नव्हतं तेव्हा, एक टिटवी आपल्या पिल्लांना रोज एकच धडा देई. "मी ओरडले की जमिनीला चिकटायचं. दगड व्हायचं." मग ती स्वतः मोडक्या पंखाचं सोंग करून फरफटत लांब जाई आणि शत्रू मागे लागला, की ऐन वेळी भुर्रकन उडून जाई.

एका सकाळी मुंगूस आलं. टिटवी ओरडली, पिल्लं दगड झाली. पण मुंगूस वळलं ते शेजारच्या चंडोलाच्या घरट्याकडे. त्याची उघडी पिल्लं चोची वासून बसली होती, आईबाप चाऱ्याला गेलेले. आपली तर वाचली ना, असं मनाला बजावत तिने डोळे मिटून घेतले.

खसफस ऐकून तिने डोळे उघडले, तर तिचं धाकटं पिल्लू मुंगसासमोर इवलासा पंख फरफटत लंगडत होतं.

टिटवी बाणासारखी सुटली. मुंगसाच्या नाकापुढे लोळत, किंचाळत तिने त्याला ओढ्यापलीकडे नेलं, तेव्हाच परतली. येताच पिल्लावर कडाडली, "तुला उडता तरी येतं का रे?"

"मला नाही येत," पिल्लू म्हणालं. "तुला येतं ना, आई. मग तू का बसून राहिलीस?"

तेव्हापासून टिटवीला स्वस्थता नाही. माळावर कुणाच्याही घरट्याकडे सावली सरकली, की ती आकाश डोक्यावर घेते. लोक त्याला अपशकुन म्हणतात. म्हणोत बापडे.