नेमाजीला ठाऊक नव्हतं

फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्या गावाचं नाव आता कुणाला सांगता येत नाही. नदीच्या वळणावरच्या त्या गावात नेमाजी नावाचा विणकर राहत होता. त्याची बायको येसू तापाच्या साथीत गेली आणि घरात मागाचा खटखटाट तेवढा उरला.

दिवस मावळला की नेमाजी देवळापुढच्या पारावर येऊन बसे. तिथे त्याचे दोन मित्र असत. शंभू गुरव देवळातली पूजा करी. हरबा तेली घाणा चालवी आणि देव मुळीच मानत नसे. तिघं एकाच डोहात पोहायला शिकलेले, त्यामुळे कुणी काही बोललं तरी कुणाला लागत नसे. बैलाच्या दुखऱ्या खुरावरून बोलणं निघे, नाहीतर खारट झालेल्या आमटीवरून, आणि फिरत फिरत देवावर येऊन थांबे.

"येसूवहिनी देवाच्या पायाशी आहे," शंभू म्हणे. "तू कशाला झुरतोस?"

"गेलेलं माणूस गेलं," हरबा म्हणे. "त्याला खोटी आशा लावू नकोस."

मग दोघं नेमाजीकडे बघत.

"मला ठाऊक नाही रे," नेमाजी म्हणे.

"काहीतरी वाटत असेलच की," शंभू म्हणे.

"वाटतं. माग थांबवला की वाटतं, आत्ता ती पाणी घेऊन येईल. पण वाटणं म्हणजे ठाऊक असणं नव्हे."

शंभूला त्याची कीव येई, हरबाला तो भित्रा वाटे. नेमाजीला मात्र मनातून दोघांचाही हेवा वाटे. एकाला भेटीची खात्री होती, दुसऱ्याला निरोपाची. त्याच्या हाती दोन्ही नव्हतं.

एका हिवाळ्यात शंभूची एकुलती लेक आजारी पडली. बोबड्या बोलात बापामागोमाग आरती म्हणणारी पोर ती. शंभू देव पाण्यात घालून बसला, त्याने अन्न सोडलं. पोर वाचली नाही.

सुतक फिटलं, तरी शंभूने देवळाचं दार उघडलं नाही. गावात कुजबुज सुरू झाली. गुरवच असा खचला तर आपण कुणाकडे बघायचं, असं लोक म्हणू लागले. पंचांनी दुसरा गुरव आणायचं मनावर घेतलं. तसं झालं असतं तर शंभूचं राहतं घरही गेलं असतं, कारण ते देवळाचं होतं.

एका संध्याकाळी शंभू नेमाजीच्या दारात येऊन उभा राहिला. नेमाजीने माग थांबवला.

"घरी बायकोला सांगतो, पोर देवाघरी आहे," शंभू म्हणाला. "गावालाही तेच सांगतो. पण नेमा, मला आता ठाऊक नाही. हे दुसऱ्या कुणापाशी बोलता येईना."

नेमाजीला पारावरचं सगळं बोलणं आठवलं. पण त्यातलं एक अक्षर त्याने काढलं नाही. त्याने घोंगडी अंथरली, पाण्याचा तांब्या पुढे केला.

"बस," तो म्हणाला. "मीही तिथेच आहे."

मग शंभू लेकीबद्दल बोलला आणि नेमाजी येसूबद्दल.

दुसऱ्या दिवशी नेमाजी शंभूकडून देवळाची किल्ली घेऊन हरबाच्या घाण्यावर गेला. त्याने तेल मागितलं.

"देवासाठी?" हरबाने विचारलं.

"शंभूसाठी."

हरबाने भांडं काठोकाठ भरलं आणि स्वतःच उचलून त्याच्याबरोबर निघाला. दोघांनी देऊळ झाडलं आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी दिवा लावला. पंच तिथे आले आणि बघतच राहिले.

"देव आहे की नाही तुला ठाऊक नाही, हरबा तर मानतच नाही," एक म्हातारा पंच म्हणाला. "मग हे कशाला?"

"शंभूचं काम आहे," नेमाजी म्हणाला. "तो येईस्तोवर आम्ही करतो. त्याची जागा कुणाला देऊ नका."

पंच मान डोलावून माघारी गेले, आणि दुसऱ्या गुरवाचा विषय मागे पडला.

मग रोजचंच झालं. हरबा बाहेर बसून राही, नेमाजी दिव्यापाशी घटकाभर थांबे. "असलास तर ऐक," तो पुटपुटे. "ती कुठे आहे, एवढं सांग." तो डोळे पुसून उठे आणि शंभूच्या घरी जाऊन बसे.

पळस फुलले तेव्हा एके सकाळी शंभू आपला आपण देवळात आला. त्याच दिवशी एक बाई रडत पायरीशी आली. तिचं तान्हं गेलं होतं. "देवाघरी असेल ना हो माझं बाळ?" तिने विचारलं.

पूर्वीचा शंभू होकार देऊन आत वळला असता. आता तो तिच्या शेजारी पायरीवर बसला. "असावं, असं फार वाटतं गं," तो म्हणाला. "माझंही रोजचं मागणं तेच आहे." बाई पुष्कळ वेळ रडली, आणि तो तिथून हलला नाही.

पारावरच्या गप्पा पुन्हा सुरू झाल्या. शंभू पूजा करत राहिला, हरबाने देव मानला नाही, आणि नेमाजीचं येसूची वाट बघणं अखेरपर्यंत सुटलं नाही. पण त्याने "ठाऊक नाही" म्हटलं की आता दोघंही वाद न घालता त्याच्याजवळ सरकून बसत.

मुलांनो आणि मोठ्यांनो, एवढं लक्षात ठेवा: दुःखी माणसाला सोबत करायला आपल्यापाशी उत्तर असावं लागत नाही.