घूस आणि टेकडीची माती

पोरांनो, एका जंगलात एक घूस राहायची. दिसायला काही खास नाही, मिशा कायम धुळीने माखलेल्या. पण मातीच्या बाबतीत तिचा हात कोणी धरू शकत नव्हतं. तिथल्या ओढ्यावर जनावरांनी घातलेला मातीचा बांध होता. तो बुटका, म्हणून दर उन्हाळ्यात पाणी आटायचं आणि सगळे जीभ बाहेर काढून बसायचे. शेवटी ठरलं, बांध दोन हात उंच करायचा. रानडुक्कर म्हणाला, "खणायला मी आहे. पण कुठली माती, कुठला दगड, ते घूसमावशीला विचारा. मला सगळा चिखल सारखाच." सगळे हसले, सशीण मात्र हसली नाही. तिचं घर बांधाच्या खालच्या गवतात. ती म्हणाली, "मावशी, नीट बघा हं. माझी पिल्लं तिथंच व्हायचीत."

घुशीने आठ दिवस मन लावून काम केलं, खोटं कशाला बोला! दगड पाण्यात भिजत घातले. पिवळा दगड दोन दिवसांत बिस्किटासारखा विरघळला, काळा जसाच्या तसा राहिला. ओढ्याकाठच्या काळ्या मातीचा गोळा उन्हात ठेवला, तो तडकून त्याच्या चार फोडी झाल्या. मग टेकडीची माती घेतली. ती ओली करून वळली, तर शेवईसारखी बारीक वळली, तुटायचं नाव नाही. गोळा सुकला तरी एक भेग नाही. अगदी हवी तशी! घोटाळा एकच होता. त्याच टेकडीच्या पोटात घुशीचं घर होतं. सात खोल्या, दोन मागची दारं, धान्याची कोठी वेगळी. घूस बराच वेळ त्या गोळ्याकडे बघत बसली. मग तिने तो ओढ्यात ढकलून दिला.

"टेकडीची माती भुसभुशीत आहे," तिने सगळ्यांना सांगितलं. "ओढ्याकाठची काळी घ्या. दगड काळा लावा."
एक छोटा मुंगूस म्हणाला, "मावशी, गोळे बघू की!"
"तू माझी परीक्षा घेणार? काल तर डोळे उघडलेस!"
सगळे फिदीफिदी हसले. मुंगूस ओशाळून मागे सरला. रानडुकराने महिनाभर काळी माती वाहिली, तुडवली, बांध उंच केला. उन्हं तापली आणि बांधाला भेगा पडल्या. मुंगूस पळत आला. "मावशी, माझा अख्खा पंजा आत जातोय!" अजूनही वेळ होती, पोरांनो. पण घूस म्हणाली, "वरवरच्या आहेत. पाऊस पडला की मिटतील."

पाऊस पडला. पाणी चढलं, भेगांत शिरलं, आणि भर दुपारी बांध मधोमध फुटला. सशिणीने तीन पिल्लं एकेक करून तोंडात धरून वर आणली. चौथ्यासाठी वळली, तर खाली गवतच उरलं नव्हतं. रानडुक्कर चिखलात बसून म्हणत होता, "माझंच चुकलं. मीच नीट तुडवलं नसेल." सशीण भिजलेली पिल्लं घेऊन टेकडीवर आली. "मावशी, थोडे दिवस तुमच्याकडे राहू का? तुमचं घर तेवढं कोरडं आहे." घुशीने दार मोकळं केलं. सशीण आत बसली, पिल्लांना चाटत म्हणाली, "तुम्ही माती तपासली होती ना, म्हणून मी निर्धास्त होते. नाहीतर आधीच वर आले असते." घूस वळली आणि कोठीतलं धान्य काढून सशिणीपुढे ठेवू लागली.

तात्पर्य : ज्याच्या भरवशावर बाकीचे निर्धास्त असतात, त्याने जे दिसलं ते सांगून टाकावं, मग त्यात आपलं घर गेलं तरी चालेल. घर पुन्हा खणता येतं.