आधीचा ताबा

कोल्हापूरचे नानासाहेब दिघे न्यायाधीशाच्या खुर्चीवरून उतरले, पण निकाल देण्याची सवय काही सुटली नाही. आमटीत मीठ कमी की जास्त, याचाही ते निकालच देत. दिवाणखान्यात त्यांची खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी होती. तिच्यातल्या प्रवाळाच्या दगडांत एक पिवळा टँग मासा राज्य करी.

नवी सून केतकी माहेरहून आपला लाडका निळा टँग घेऊन आली. त्याला टाकीत सोडलं मात्र, पिवळा अंगावर धावला. शेपटीजवळचा चाकूसारखा काटा उगारून त्याने निळ्याला कोपऱ्यात कोंडलं.

"ज्याचा ताबा आधीचा, त्याचं घर," नानासाहेबांनी निकाल दिला. "सूनबाई, संध्याकाळी निळ्याला माहेरी पोचवा."

केतकीचे डोळे भरले. पण नानासाहेब फिरायला जाताच तिने बाह्या सरसावल्या आणि टाकीतला एकूण एक दगड इकडचा तिकडे केला. पिवळ्याची कपारच नाहीशी झाली. नवी जागा शोधण्याच्या नादात त्याला निळ्याकडे बघायलाही सवड उरली नाही.

नानासाहेब परतले ते कडाडलेच. "माझ्या टाकीत ही उलथापालथ कुणी केली?"

"मी, बाबा. तुमचाच निकाल पाळला," केतकी हळूच म्हणाली. "आता हे घरच नवीन आहे. इथं आधीचा ताबा कुणाचाच नाही. दोघांनीही आजच माप ओलांडलंय."

नानासाहेबांनी टाकीत डोकावून पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. "निळा राहील. अपील नाही!"

तेवढ्यात सासूबाईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली, "केतकी, ये गं इकडं. आपण दोघी मिळून इथले डबेही हलवू."