वेशीकडे पाठ

फार पूर्वी एका नदीच्या काठी घोड्यांचं वेड लागलेलं एक गाव होतं. कुणाच्या घरी मूल झालं तर बारशाला चार बायका जमत. पण कुणाच्या घोडीला शिंगरू झालं, तर म्हातारेकोतारेसुद्धा काठी टेकत बघायला येत. शिंगरू आधी कुठला पाय उचलतं, कपाळावर भोवरा कुठे आहे, यावर पारावर आठवडाभर चर्चा चाले. घोड्यातलं सगळ्यांनाच कळत होतं. निदान सगळ्यांना तसं वाटत होतं.

त्या गावात वेशीला लागून सुभानजी आणि त्याची बायको ठकूबाई यांचं घर होतं. मूलबाळ नव्हतं. सुभानजी तरुणपणी राजधानीत राजाच्या पागेत स्वार होता. दसऱ्याला तिथं मोठी शर्यत होई आणि जिंकलेल्या घोड्याच्या गळ्यात राजा स्वतःच्या हातानं भगवा शेला बांधी. सुभानजी एकदा त्या शर्यतीत हातभर अंतरानं हरला होता. त्याला पस्तीस वर्षं झाली, पण ते हातभर अंतर काही त्याच्या मनातून गेलं नाही. दसरा जवळ आला की तो राजधानीच्या वाटेकडे बघत बसायचा. ठकूबाईनं तीनदा हाक मारली की एकदा जेवायला उठायचा.

"आपल्या दारातल्या घोड्याच्या गळ्यात येकदा त्यो शेला बघावा, मग खुशाल डोळे मिटावे," एवढंच तो म्हणायचा.

त्यांच्याकडे मैना नावाची एक घोडी होती. उतारवयात तिला एक शिंगरू झालं, तांबूस रंगाचं, काटकुळं, नुसते पायच पाय असलेलं. ठकूबाईनं त्याचं नाव पाखऱ्या ठेवलं. तबेल्यात दोघंच, मैना आणि तिचा पाखऱ्या. तीन वर्षं तो आईच्या सावलीबाहेर फारसा गेला नाही.

आता या गावाची एक रीत सांगायला हवी. तिथल्या शर्यती लांबच्या चिंचेपासून सुटत आणि गावाच्या वेशीपाशी संपत. कारण काय, तर कुण्या एका काळी गावच्या पाटलाचे गुडघे धरले होते. त्याला बसल्या जागी निकाल बघायचा होता, म्हणून शर्यत त्याच्याकडे यायची. तो पाटील जाऊन तीन पिढ्या झाल्या. गुडघे गेले, रीत राहिली. पुढे तिला धर्माचं रूप आलं. घोडा पळवायचा तो वेशीकडे तोंड करूनच. वेशीकडे पाठ करून घाईनं फक्त तिरडी जाते, असं लोक म्हणू लागले.

पाखऱ्या पहिल्यांदा धावला तो पौषातल्या जत्रेत. चिंचेपासून सुटला तो थेट वेशीपाशी, आणि बाकीचे घोडे अजून वाटेतल्या ओढ्यात. माघातही तेच. चैत्रात तर शेजारच्या गावांतले नावाजलेले घोडे आले होते. त्यांना त्यानं नुसती धूळ चारली.

गंमत अशी, की जिंकल्यावर तो थांबायचा नाही. लोक हार घेऊन उभे असत आणि हा त्यांच्या मधून सरळ तबेल्यात शिरून मैनेच्या मानेवर तोंड टेकवायचा. लोक हार घेऊन मागं पळत. "केवढा गुणी घोडा!" ते म्हणत. "मानपानाची हाव म्हणून न्हाई."

ठकूबाईनं मात्र बघितलं होतं, की चिंचेकडे नेताना पाखऱ्या पावलापावलाला मान वळवून घराकडे बघतो. शर्यत सुटायच्या वेळी मैना दारातून खिंकाळते आणि तेव्हाच त्याचे कान उभे राहतात.

चैत्रातल्या विजयाची वार्ता राजधानीला गेली आणि तिथून राजाचा अश्वपारखी आला. मोठा माणूस. त्यानं पाखऱ्याचे दात बघितले, खूर उचलून बघितले, छातीवर हात फिरवला, अंगावरचे भोवरे मोजले. मग मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "चाळीस वर्षांत असा घोडा पाहिला नाही. या दसऱ्याचा शेला याचाच. दसऱ्याआधी पंधरा दिवस याला राजधानीत घेऊन या."

सुभानजीला रडू फुटलं. भर गावासमोर म्हातारा रडला आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

संध्याकाळी भाकरी वाढता वाढता ठकूबाई म्हणाली, "धनी, येकदा त्याला उलटा पळवून बघा."

"उलटा म्हंजी?"

"घरापासनं लांब. वेशीकडं पाठ करून."

सुभानजीचा घास हातातच राहिला. "तीन शर्यती मारल्या त्यानं. राजाच्या पारख्यानं शब्द दिला. आन् तू आता तिरडीच्या वाटंनं पळवाया सांगतीस?"

"त्यो तुमच्या शर्यतीसाठी पळतोय का आईसाठी, ते कळंल," ठकूबाई म्हणाली. "न्हाई पळाला तरी बिघडत न्हाई. दसऱ्याला सहा महिने हायेत. रोज इत्तुसं लांब न्यायचं, रोज माघारी आणायचं. लांब गेलं तरी घर जागंवर ऱ्हातं, हे कळंल त्याला."

"तुला काय कळतंय घोड्यातलं," सुभानजी म्हणाला आणि भाकरी अर्धी टाकून उठला.

पण बोलणं मनात रुतलं होतं. चार दिवसांनी तांबडं फुटायच्या वेळी, गाव उठायच्या आत, त्यानं गुपचूप पाखऱ्याला वेशीबाहेर काढलं. राजधानीच्या वाटेकडे त्याचं तोंड केलं. वर बसला. समोर वाट मोकळी होती, दव पडलेलं होतं. आता फक्त टाच मारायची, की सगळं कळणार होतं.

सुभानजीनं टाच मारली नाही.

त्याला भीती वाटली. पस्तीस वर्षं ज्या गोष्टीची वाट बघितली ती हाताशी आली होती. ती खरी आहे की नाही, हे बघण्याचं धाडस त्याला होईना. तो बराच वेळ तसाच बसून राहिला. मग उतरला आणि घोडा घेऊन घरी आला. "आज मुहूर्त न्हवता," असं तो स्वतःशीच पुटपुटला. पुन्हा कधी तो मुहूर्त आला नाही.

भाद्रपद सरता सरता सुभानजी पाखऱ्याला घेऊन राजधानीला निघाला. आठ कोसांची वाट. पहिल्या वळणावर पाखऱ्या थांबला आणि खिंकाळला. मागून मैनेनं उत्तर दिलं. दुसऱ्या वळणावर पुन्हा तसंच. तिसऱ्या वळणावर त्यानं हाक दिली, तेव्हा मागून काहीच ऐकू आलं नाही. तो कितीतरी वेळ कान टवकारून उभा राहिला. सुभानजीला लगाम धरून ओढावं लागलं.

राजाच्या पागेत हरभऱ्यानं भरलेला तोबरा तोंडाला बांधला, तरी तो घास घेईना. "नवी जागा आहे, होतं असं," पारखी म्हणाला. आठ दिवसांत घोड्याच्या बरगड्या दिसू लागल्या. सुभानजीला त्या दिसत होत्या. पण तो मनाशी म्हणाला, हलका झालाय, बरंच झालं, जोरात पळंल. माणसाला एखादी गोष्ट फार हवी असली की त्याला बरगड्यांतसुद्धा शुभ लक्षण दिसतं.

दसऱ्याचा दिवस उजाडला. राजवाड्याच्या दरवाजापासून पूर्वेच्या टेकडीपर्यंत शर्यत होती. दोन्ही बाजूंना माणसांची भिंत. पाखऱ्यावर राजाच्या पागेतला एक तरणा स्वार बसला. नगारा झाला आणि घोडे सुटले.

पाखऱ्या जागीच वळला. त्यानं टेकडीकडे पाठ केली आणि पश्चिमेच्या, घराच्या वाटेला लागला.

आधी लोक हसले. मग हसू थांबलं, कारण असा धावणारा घोडा त्यांनी पाहिला नव्हता. स्वार शहराच्या वेशीपाशी गवताच्या गंजीवर कसाबसा उडी टाकून वाचला. सुभानजी दगडासारखा उभा होता. आयुष्यभर जो घोडा त्याला हवा होता तो त्याच्या डोळ्यांसमोरून जात होता. त्या दिवशी राजधानीत सगळ्यात वेगानं धावलेला घोडा शर्यतीत नव्हताच. शेला दुसऱ्याच कुणाच्या घोड्याला मिळाला.

"खुळा निघाला घोडा," पारखी म्हणाला. "मला तर पहिल्याच दिवशी त्याच्या डोळ्यांत खोट दिसली होती."

सुभानजी घराकडे चालू लागला. वाटेतल्या गावांत लोक सांगत, एक मोकळा घोडा वाऱ्यासारखा गेला. तिसऱ्या गावात म्हणाले, लंगडत होता, पण पळत होता. नदीच्या उतारावरच्या धोंड्यांवर सुभानजीला रक्ताचे डाग दिसले. तो खाली बसला आणि त्यानं त्या डागांवर हात ठेवला. थोड्या वेळानं उठून पुन्हा चालू लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो घरी पोचला. पाखऱ्या तबेल्यात आडवा पडला होता. पुढचा उजवा पाय सुजून खांबाएवढा झाला होता. ठकूबाई हळद-चुन्याचा लेप लावत होती, आणि मैना वाकून लेकाची मान चाटत होती.

"कवा आला?" सुभानजीनं विचारलं.

"काल दिस कलायला. वेशीपाशी पडला. उठला आन् हिच्यापाशी आला."

सुभानजी उंबऱ्यावर बसला. "तुला ठाव हुतं," तो म्हणाला.

"मला न्हवतं ठाव," ठकूबाई म्हणाली. "म्हनून तर म्हनलं, बघा."

सुभानजी सरकून पाखऱ्याच्या डोक्याशी बसला. "मी गेल्तो येकदा. पहाटं. वेशीभाईर उभा केला त्याला. टाच मारायचं धाडस झालं न्हाई."

"दारातनं बघितलं मी," ती म्हणाली. लेप लावणारा हात थांबला नाही.

पाखऱ्या वाचला, पण पाय कायमचा अधू राहिला. गावानं पंधरा दिवस "आम्ही म्हणतच होतो" असं म्हणून घेतलं, आणि मग गाव दुसऱ्या शिंगरांचे भोवरे मोजू लागलं.

पुढच्या चैत्रात शेजारच्या गंगू कुंभारणीच्या घोडीनं लागोपाठ दोन शर्यती जिंकल्या. पारावर पुन्हा राजधानीच्या गोष्टी सुरू झाल्या. गंगू सुभानजीकडे आली. "बाबा, कशी वाटती घोडी?"

"घराकडं झकास पळती," सुभानजी म्हणाला. "आता पाठ करून बघू."

भर दुपारी, सगळ्या गावादेखत, त्यानं घोडी वेशीबाहेर काढली. लोक कुजबुजले, तिरडीची आठवण काढली. सुभानजीनं टाच मारली. घोडी वीस पावलं गेली, थांबली, आणि घराकडे तोंड करून उभी राहिली.

गंगूचा चेहरा उतरला. सुभानजी मात्र हसला, दसऱ्यानंतर पहिल्यांदाच. "रडतीस कशापाई? आजच कळलं. लई वेळ हाय."

दुसऱ्या दिवसापासून तो घोडीला रोज थोडं लांब नेऊ लागला. आज वीस पावलं, उद्या तीस. न्यायचं, गोंजारायचं, परत आणायचं. तिला सोबत म्हणून तो लंगड्या पाखऱ्यालाही बरोबर घेई. पाखऱ्या पहिल्यांदा दर चार पावलांनी थांबून मैनेला हाक मारायचा. मग दर दहा पावलांनी. सुभानजीचं लक्ष घोडीकडे असे. लंगड्या घोड्याकडे कोण बघतो?

श्रावणातल्या एका सकाळी तिघं चिंचेच्याही पुढं गेले. घोडी मजेत दुडकी चालत होती. सुभानजीनं सहज मागं बघितलं. पाखऱ्या पाय ओढत येत होता. त्याची मान सरळ होती. तो शेपटीनं माश्या उडवत होता, आणि घराकडे त्याची पाठ होती. घरून निघाल्यापासून त्यानं एकदाही वळून बघितलं नव्हतं.

सुभानजीनं बोटांवर मोजलं. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ. चार महिने.

तेव्हा हाताशी सहा होते.

तो पाखऱ्याजवळ गेला, त्याच्या मानेवर त्यानं कपाळ टेकवलं आणि तसाच उभा राहिला. गंगूची घोडी पुढं जाऊन थांबली होती, त्यांची वाट बघत.

तात्पर्य: लवकर मिळालेल्या यशावरून पोर किती जोरात धावतं तेवढंच कळतं, कुणाच्या ओढीनं धावतं ते कळत नाही. ते वेळेवर बघावं, आणि ज्या गोष्टीची आपल्याला सगळ्यात जास्त आस असेल, तिची परीक्षा सगळ्यात आधी घ्यावी.