अण्णांची भेंडी

"अण्णा मगदुमांच्या जुन्या पार्टांच्या दुकानात माल तपासायचा नसतो," काकांनी मला दहादा बजावलं होतं. बाबांची बंद पडलेली गाडी मी पुन्हा उभी करत होते आणि तिच्या इंजिनात जादा हवा कोंबणारा जुना टर्बो हवा होता. अण्णांनी दिलेल्या टर्बोचा दांडा मी बोटाने हलवला, तर तो खुळखुळला. आतून पार झिजलेला!

"काय गं पोरी, माझ्यावर इश्वास न्हाई व्हय?" दारातल्या भाजीवाल्या मावशींच्या हातगाडीवर भेंडी निवडणारे अण्णा गरजले. काकांनी मला चिमटा काढला.

"अण्णा, रोजच्या मावशींची भेंडीसुद्धा तुम्ही टोक मोडून बघताय. ती एका जेवणाची. इथं बाबांचं अख्खं इंजिन जाईल. मी हा नेणार नाही."

अण्णा हातातली भेंडी ठेवून आत गेले आणि त्यांनी दुसरा टर्बो आणून, दांडा माझ्याकडे करून, पुढ्यात ठेवला.