वाढणाऱ्या हाताचे मोल

एकदा एक शिष्य आपल्या गुरूकडे नोकऱ्या घेऊन आला. शिष्याने नोकरी मागायला यावे हा जगाचा रिवाज. हा मात्र द्यायला आला होता, आणि देणाऱ्याची चाल नेहमीच थोडी वेगळी असते. हेरंब त्याचे नाव. एका मोठ्या हॉटेल समूहात माणसे नेमण्याचे सगळे काम त्याच्याकडे होते. ज्या संस्थेत तो हॉटेल व्यवस्थापन शिकला, त्याच संस्थेच्या फाटकातून त्याची गाडी आत शिरली तेव्हा त्याला मनापासून बरे वाटले. आपण ऋण फेडायला आलो आहोत, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

संस्थेचे प्राचार्य आता वृद्ध झाले होते. त्यांना सारे नुसते ‘सर’ म्हणत. एके काळी त्यांच्या दाराशी हॉटेलवाल्यांची रीघ लागे. मोजकीच मुले नेत, पण नेत ती कायमची. पुढे वारे फिरले. हॉटेले वाढली, माणसे जास्त लागू लागली, आणि नवल असे की माणसांची गरज जसजशी वाढली तसतसा त्यांचा भाव उतरत गेला. आता मुलांना ‘ट्रेनी’ म्हणून घ्यायचे, त्यांच्याकडून पुऱ्या माणसाचे काम करून घ्यायचे, महिन्याच्या शेवटी हातावर स्टायपेंड ठेवायचा आणि वर्ष सरले की नवी मुले आणायची, अशी रीत पडली. शहाणी मुले त्याआधीच बँकेत, मॉलमध्ये, एखाद्या रुग्णालयाच्या स्वागतकक्षात निघून जात. हॉटेलवाले म्हणत, हल्लीची पोरे टिकत नाहीत. आईबाप म्हणत, या धंद्यात काही राम उरला नाही. दोघेही आपापल्या जागी खरेच बोलत होते, आणि मधल्या मध्ये संस्थेतले वर्ग ओस पडत चालले होते.

विश्वस्तांनी सरांना स्पष्ट सांगून ठेवले होते. शेवटच्या वर्षातल्या वीस मुलांना यंदा नोकऱ्या लागल्या तर ठीक. नाहीतर येत्या जूनपासून ही इमारत दुसऱ्या कुठल्यातरी अभ्यासक्रमाला द्यावी लागेल. हे हेरंबच्या कानावर आले होते. म्हणूनच तो वीसच्या वीस नेमणूकपत्रे छापून घेऊन आला होता. नावांपुरती जागा तेवढी कोरी होती.

सकाळी त्याने मुलांपुढे भाषण केले. त्याला बोलणे साधत असे. अतिथी, आतिथ्य, सेवा, संस्कार असे सगळे शब्द त्याने यथास्थित वापरले. मुले ऐकत होती. मग तृप्ती कोळेकर नावाची एक मुलगी उठून उभी राहिली. घरी धाकटी दोन भावंडे, वडिलांचे गुडघे गेलेले, शिक्षणासाठी कर्ज काढलेले. तिला भाषणापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची काळजी होती.

“सर, पगार किती मिळेल?”

हेरंब हसला. अगदी प्रेमाने हसला. म्हणाला, “आकडा पत्रात आहेच. पण एक गोष्ट आयुष्यभर लक्षात ठेवा. वाढणाऱ्या हाताचं मोल पैशात होत नाही. हे वाक्य माझं नाही. मागे बसलेत ना, त्यांनी पहिल्याच तासाला मला ते शिकवलं.”

मुलांनी टाळ्या वाजवल्या. तृप्तीनेही वाजवल्या, पण खाली बसताना तिचा चेहरा उतरलेला होता. शेवटच्या बाकावर बसलेल्या सरांनी चष्मा काढला, पुसला आणि बराच वेळ तो तसाच हातात धरून ठेवला. हेरंबला वाटले, सर गहिवरले.

दुपारी जेवण संस्थेच्या प्रशिक्षण-रेस्टॉरंटमध्ये होते. मुलांनी रांधायचे, मुलांनी वाढायचे आणि आलेल्या पाहुण्याने गुण द्यायचे, अशी तिथली जुनी पद्धत. हेरंब टेबलाशी बसला. समोरची खुर्ची सरांसाठी होती, पण ती रिकामीच राहिली. स्वयंपाकघराचे दार उघडले आणि बंद गळ्याचा पांढरा कोट घालून, डाव्या हातावर नॅपकिन टाकून स्वतः सरच बाहेर आले.

“नमस्कार साहेब. सूप आणू?”

हेरंब ताडकन उठला. “सर, हे काय? तुम्ही बसा. मुलं आहेत ना!”

“मुलं रांधतायत. वाढायला आज मी आहे. बसावं साहेब, सूप निवतंय.”

त्या आवाजात थट्टा नव्हती. तीच तर पंचाईत होती. थट्टा असती तर हेरंब हसून मोकळा झाला असता. तो खुर्चीच्या कडेला कसाबसा टेकला. सरांनी त्याच्या डाव्या बाजूने सूप वाढले. हात वयाने कापत होता, पण वाडग्याच्या कडेला एक थेंब लागला नाही. मग मसालेभात आला, कढी आली. सर बोलावल्याशिवाय जवळ येत नव्हते आणि लांबही जात नव्हते. पाण्याचा पेला अर्धा झाला की हलकेच भरत होते. हेरंबने आयुष्यात मोठमोठ्या ठिकाणी जेवणे केली होती, परंतु इतके नेमके वाढणे त्याने क्वचित पाहिले होते. आणि घास मात्र एकही नीट उतरत नव्हता. भिंतीशी उभी असलेली मुले श्वास रोखून बघत होती.

जेवण संपले. सरांनी उजवीकडून ताट उचलले, टेबल पुसले आणि बिलाची काळी फाइल आणून अदबीने पुढे ठेवली. आत कोरा कागद होता. वर फक्त दोन शब्द लिहिलेले होते: ‘वाढण्याचे पैसे’.

“साहेब, जेवण संस्थेकडून. वाढण्याचा आकडा तेवढा आपण घालावा.”

त्याने हात जोडले. “सर, लाजवू नका. तुम्ही मला वाढलंत, याचं मोल मी कसं करणार? हे अमोल आहे.”

“अमोल असेल. पण मला महिनाअखेर किराणा भरायचाय. आकडा घाला.”

हेरंबने खिशातून पेन काढले आणि पाच हजार रुपये लिहिले. सरांनी कागद पाहिला आणि परत त्याच्यापुढे सरकवला.

“ही दक्षिणा झाली. ती तू गुरूला देतोयस. मी आत्ता गुरू नाही, वाढपी आहे. तासभर वाढलं. तुझ्या हॉटेलात वाढणाऱ्याला तासाचे जे पडतात, ते लिही.”

आता सुटका नव्हती. हेरंबच्या बॅगेत वीस पत्रे होती आणि प्रत्येक पत्रावर नऊ हजार हा आकडा छापलेला होता. त्याने मनात भागाकार केला. महिन्याचे कामाचे दिवस, दिवसाचे कागदावरचे नऊ तास; कागदाबाहेरचे तास त्याने सोडूनच दिले. तरीही उत्तर पाहून त्याचे पेन थांबले. पुन्हा हिशेब केला. उत्तर तेच आले. त्याने पाच हजारांवर काट मारली आणि खाली लिहिले: अडतीस रुपये. त्याच्या हॉटेलात पाण्याची बाटलीसुद्धा याहून महाग होती.

सरांनी आकडा वाचला. “बरोबर आहे. खोटं लिहिलं नाहीस,” ते म्हणाले, आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीवर बसले. आता ते पुन्हा त्याचे सर झाले होते.

“हेरंब, सकाळी तू माझं वाक्य म्हणालास. मी ते तुम्हाला शिकवलं, कारण उष्टी ताटं उचलताना तुमची मान खाली जाऊ नये. पाहुणा टाकून बोलला तरी तुम्ही आतून मोडू नये. ते वाक्य वाढणाऱ्यासाठी होतं. आज तू ते पगार ठरवणाऱ्याच्या खुर्चीत बसून म्हणालास. शब्द तेच, पण खुर्ची बदलली आणि अर्थ उलटा झाला. वाढणारा जेव्हा म्हणतो की माझ्या कामाचं मोल पैशात होत नाही, तेव्हा तो त्याचा स्वाभिमान असतो. देणारा जेव्हा तेच म्हणतो, तेव्हा ती पळवाट असते. त्या मुलीनं साधा पगार विचारला, आणि तू तिला माझं वाक्य दिलंस. ते ऐकून मला माझीच लाज वाटली.”

हेरंबने बिलाची फाइल मिटली. मग अगदी हळू म्हणाला, “पण सर, ही वीस मुलं आज लागली नाहीत तर संस्था बंद होईल. मी त्यासाठीच धावत आलो.”

“मला ठाऊक आहे. संस्था बंद झाली तर मला वाईट वाटेल. फार वाईट वाटेल. माझं सगळं आयुष्य इथे गेलंय. पण पोरांना या भावात देऊन ती चालू ठेवली, तर ती कशासाठी चालू आहे, हे मला कुणाला सांगता येणार नाही.”

“मग मी काय करू?”

“ते मी कसं सांगू? खुर्ची तुझी आहे.”

हेरंब उठून अंगणात गेला आणि त्याने शेठना फोन लावला. शेठ म्हणजे त्या हॉटेलांचे मालक. माणूस वाईट नव्हता, हिशेबी होता.

“वीस जणांना नऊ देण्यापेक्षा दहा जणांना अठरा देऊ, शेठ.”

“का? बाजारात नऊला मिळतायत ना?”

“मिळतात, पण राहत नाहीत. गेल्या वर्षी वीस घेतले, दिवाळीपर्यंत निम्मे गेले. त्यांना आपण फक्त शिकवलं आणि दुसऱ्यांना देऊन टाकलं. तुमच्या खिशातून जायचे तेवढेच जाणार आहेत.”

पलीकडे कॅल्क्युलेटरची बटणे वाजली. शेठ आकडे मांडत असावेत. मग म्हणाले, “बरं. दहा घे, अठरानं घे. पण एक ऐकून ठेव. वर्षाच्या आत हे दहा सोडून गेले, तर अकरावा राजीनामा तुझा असेल.”

“चालेल,” हेरंब म्हणाला. त्याचेही घराचे हप्ते चालू होते.

तो पुन्हा वर्गात गेला तेव्हा मुले कुजबुजत बसली होती. या वेळी त्याने भाषण केले नाही. “सकाळी तुम्ही पगार विचारलात आणि मी उत्तर दिलं नाही,” तो म्हणाला. “मी नऊ हजारांची पत्रं घेऊन आलो होतो. त्या पगारावर मी स्वतः वर्षभरसुद्धा राहिलो नव्हतो. आता पगार अठरा हजार आहे, पण जागा दहाच आहेत. म्हणजे तुमच्यातल्या दहा जणांना मी आज नाही म्हणणार आहे, आणि ते मी तुमच्या तोंडावर सांगेन. नावांचा कागद फळ्यावर लावून पळून जाणार नाही.”

मुलाखती संध्याकाळपर्यंत चालल्या. हेरंबला हो म्हणण्यापेक्षा नाही म्हणायला कितीतरी जास्त वेळ लागला. तृप्ती घाबरून गेली होती. तिची उत्तरे अडखळली, आणि तिच्यापेक्षा सरस अशी दहा मुले त्या वर्गात होती. सकाळच्या प्रसंगामुळे तिला घ्यावे, असा मोह त्याला झाला. पण तसे केले तर ज्याची जागा जाईल, त्याला काय सांगायचे? त्याने तिला बोलावले आणि नाही म्हणून सांगितले. का नाही, तेही सांगितले.

तिचे डोळे भरले. तिने ते पुसले आणि म्हणाली, “ठीक आहे, सर. दुसरीकडे मुलाखतीला गेले तर काय मागायचं, ते तरी आज कळलं.”

ती गेल्यावर सर आत आले. विश्वस्तांपुढे आता वीसऐवजी दहाच नावे जाणार होती. जूनमध्ये संस्थेचे काय होणार, हे दोघांनाही ठाऊक नव्हते. हेरंब टेबलावर डोके टेकून बसला होता. सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“दमलास?”

“हो सर. सकाळी वीस जणांना हो म्हणणं फार सोपं होतं.”

“असणारच,” सर म्हणाले. “ते स्वस्त होतं.”

कोणाच्याही कामाला अमोल म्हणण्यापूर्वी, आपण आत्ता कोणत्या खुर्चीत बसलो आहोत, एवढे प्रत्येकाने पाहून घ्यावे.